तिसऱ्या वेळी दिवे विझले नाहीत

काकू, बसूनच राहा. सगळ्यांना नमस्कार. मला माइकवर बोलायची सवय नाही. या शोकसभेला राजेंद्र नगरातून, पार बडा गणपतीहून एवढी मंडळी आली आहेत. वसंतजींबद्दल चांगलं चांगलं बोलायला मलाही आवडलं असतं. पण आधी एक गोष्ट कबूल करायची आहे.

मी दिलीप. क्लबच्या स्विमिंग पूलवर वसंतजींच्या हाताखाली बारा वर्षं इलेक्ट्रिशियन. मागे पंपघरावर वीज पडली, तुम्हाला माहीतच आहे. पंप आणि पाण्यातले दिवे चालवणारा तो विलायती कंट्रोलर, त्याचा सर्किट बोर्ड काळा पडला. मी फ्यूज बदलले. पंप फिरला, दिवे लागले. मी म्हणालो, हो गया वसंतजी. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "चालू होतंय ते कोणी पण बघेल, भिया. बंद होतंय का ते बघ."

होत नव्हतं. करंट पाण्यात उतरला तर लाइन तोडतो तो रिले, त्याचे पॉइंट विजेने एकमेकांना चिकटले होते. तीन दुपारी ते त्या बोर्डवर वाकून बसले. सोल्डरचा एकेक टाका तपासला, जळलेल्या जागी तार जोडली, रिले नवा घातला. म्हणाले, उद्या शंभर वेळा चालू-बंद करून बघू, मगच सुरक्षेच्या कागदावर सही करीन. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी चहाला हाक मारली, तर ते उठलेच नाहीत.

स्मशानात सेक्रेटरीसाहेबांनी मला हळूच विचारलं, बोर्डचं काम पूर्ण झालं ना? मी हो म्हणालो. का म्हणालो? समोर चिता पेटलेली. त्यांचं काम अर्धं राहिलं, हे तिथे कोणत्या तोंडाने सांगायचं? साहेब, ते हो खोटं होतं. चार दिवस झाले त्याला.

काल एकटाच गेलो. रिले लाइन तोडतो का ते बघायचं टेस्टचं बटण दाबलं, दिवे विझले. परत चालू करून दाबलं, विझले. तिसऱ्या वेळी नाही विझले. मी तिथेच फरशीवर बसलो. परवा शाळांच्या पोहण्याच्या स्पर्धा आहेत. पाण्यात मुलं असतील. त्यांचे आईवडील इथे समोर बसलेत. माझी पण मुलगी आहे त्यात.

दोष कुठे आहे, मला सापडलेला नाही. सापडेल का, तेही माहीत नाही. आता विचारू कोणाला? साहेब, कार्डं वाटून झाली, भोपाळहून पाहुणे येणार, सगळं मान्य. मला काढायचं तर काढा. मी सही करणार नाही.

पूलचे मेन फ्यूज मी काढून आणलेत. हे तिन्ही इथे, त्यांच्या फोटोपाशी ठेवतो. काकू, जाताना घरी न्या. मी मागायला आलो, तर काम खरंच पूर्ण झालं का ते नीट खोदून विचारा, मगच द्या.

आता सगळे दोन मिनिटं उभे राहू या.

वसंतजी, तुमचं काम अर्धं राहिलंय. नमस्कार.