पुसलेली एक्कावन्न चित्रं

ल्ह्या. काय ल्ह्यायचं ते ल्ह्या, पण माझ्या बोलण्याला इस्त्री मारू नगासा, न्हायतर आत्ताच उठा. मी उचगावचा. बाप दुसऱ्याच्या रानात राबायचा, आई बी त्याच्या मागनं, आणि मी शाळंत पाटीवर गणितं सोडून बैल काढायचो म्हणून गुरुजींचा मार खायचो. सातवीतनं सुटलो. मग बाप मला धरून शहरात गंगावेशीत घेऊन गेला, तिथं एक बोर्ड रंगवणारा हुता, त्याला समदी पेंटर मास्तर म्हणायची, त्याला बाप म्हणाला ह्याला कायतर शिकवा, घरात ह्याचा काय उपयोग न्हाय. कलेची सुरवात कशी झाली म्हणून इचारलासा न्हवं मगाशी? अशी झाली.

मास्तर लई खडूस. काय सांगू तुमास्नी, रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी काळा पत्रा पुढ्यात टाकायचा आणि म्हणायचा, आज घोडा. दुसऱ्या दिवशी केळीचा घड. तिसऱ्या दिवशी नुसता ळ, दिवसभर ळ. काढून झालं की येऊन बघायचा, चांगलं म्हणायचा न्हाय, वाईट म्हणायचा न्हाय, पूस म्हणायचा. रंग वला असतानाच रॉकेलचा बोळा घ्यायचा आणि पुसायचं. एकदा मी मोर काढलाता, असला मोर, म्हटलं मास्तर ह्यो ऱ्हाऊ दे की, तर त्यानं आपल्या हातानं पुसला आणि म्हणाला, कालच्याकडं बगत बसलास की आजचं बिघडतंय. एकच नियम हुता त्याचा. पुसायच्या आधी दुसऱ्या कुणीतरी बघितलं पायजे, त्याबिगर बोळा लावायचा न्हाय. ह्ये डोक्यात ठेवा, म्हंजे पुढं मला खुळा म्हणायच्या आधी इचार करशीला.

मग काम केलं की. जोतिबाला दुकानांच्या पाट्या माझ्या, गगनबावड्याला भिंती माझ्या, तिथं तर पाऊस असला की रंग वाळतोय कुठला, चार चार दिवस नुसतं बसून ऱ्हायचं. आणि मग ते फ्लेक्स आलं. गल्लीतला कोणबी गॉगल लावून वीस फुटी झाला, आणि आमी झालो शून्य. ब्रश पोत्यात बांधून माळ्यावर टाकलं. गेट रंगवली, ग्रिलं रंगवली, चित्र न्हाय. बारा वर्सं न्हाय. मधी बायको गेली. हाताला कापरं सुटलं. सोडा ते.

आता सूनबाईचं ऐका. सुवर्णा तिचं नाव, पोरगी चांगली हाय, कामाला वाघ हाय, पण मोबाईलात डोकं. एक दिवस मला म्हणाली, मामा, मी चॅलेंज घेतलंय. म्हटलं कसलं? तर म्हणं शहरात कोण एक सर हाईत, ते रोज सकाळी मोबाईलवर एक इषय पाठवत्यात, त्यावर रोज एक चित्र काढायचं, एक्कावन्न दिवस, एक दिवस बी चुकवायचा न्हाय, आणि शेवटाला हॉलमधी समद्यांची चित्रं भिंतीला लावणार. सवय लागती म्हणं हाताला. मी हसलो, जोरात हसलो. म्हटलं ह्याला चॅलेंज म्हंत्यात व्हय? आमी ह्याला सकाळ म्हणायचो. तर ती बी माझीच सून, भाकरी थापता थापता म्हणाली, मग काढून दावा की मामा, बोलायला कुणाच्या बापाचं काय जातंय.

पेटलो की मी. म्हटलं घाल माझं बी नाव त्या सराकडं. माळ्यावरनं पोतं काढलं. रॉकेल आता मिळत न्हाय, थिनर आणलं. पत्रा काळा केला आणि अंगणात बसलो. पयल्या दिवशी इषय हुता सूर्य. गोल काढायचा हुता पावणं, नुसता गोल, आणि माझा गोल बटाट्यावाणी आला. सुवर्णानं च्या आणला, बघितलं. मी बोळा मारला. मला त्या दिवशी रडू आलं, खोटं कशाला बोलू.

पण सोडलं न्हाय. रोज सकाळी इषय इचारायचो, काढायचो, ती च्या घेऊन यायची, बघायची, मी पुसायचो. कसलं कसलं इषय धाडायचा तो सर, खिडकी, चप्पल, एक दिवस तर एकटेपणा. आता एकटेपणाचं काय चित्र काढणार? तिनं रिकामी खुर्ची काढली, समद्यांनीच खुर्ची काढलीती म्हणं. मी बैल काढला. जोडीतला एक बैल, जू मानंवर, आणि जुवाची दुसरी बाजू मोकळी. हात त्या दिवशी हालला न्हाय. कापरं सुटल्यापास्नं पयल्यांदा हालला न्हाय. ती बगत हुबी ऱ्हायली, च्या तिच्याच हातात गार झाला. मग म्हणाली, मामा, ह्ये पुसू नगासा, शेवटाला दावायला लागतंय, न्हायतर मला फोटो तरी काढू द्या. मी म्हटलं गप, तू बघितलास न्हवं, झालं. आणि पुसला.

माझं चुकलं म्हणायचं असंल तर म्हणा. मला वाटलंतं माणूस सांगंल, आणि माणसाचं माणसं ऐकतील.

शेवटच्या दिवशी गेलो हॉलमधी. धुतलेला सदरा, काखंत पत्रा. भिंतीभर चित्रं, खाली नावं, सुवर्णाची एक्कावन्न एका रांगंत. सर म्हणजे तिशीतला गडी, केसांची शेंडी बांधलेली. मला म्हणाला, आजोबा, तुमची चित्रं कुठायत? म्हटलं पुसली. मागं दोघी हसल्या. तो म्हणाला, पुसली म्हणजे? म्हटलं पुसली म्हंजे पुसली, आमची रीत हाय ती, रोज काढलं, एक दिवस चुकला न्हाय, ह्या माझ्या सुनंनं रोज बघितलंय, तिला इचारा.

त्यानं तिला इचारलं. आणि तिनं मान खाली घातली.

व्हय न्हाय, न्हाय न्हाय. बरं तो शेंडीवाला तरी काय वाईट बोलला? नियम सगळ्यांना सारखा आहे आजोबा, असं गोड बोलला. म्हटलं मग आण ब्रश, हितं सगळ्यांपुढं काढतो, तर म्हणाला पाहुणे आलेत, कार्यक्रमाला उशीर होतोय. मी त्याला काय बोललो ते ल्हू नगासा. पाठ फिरवली एवढं ल्ह्या. मला त्या भिंतीला एक खिळा पायजे हुता, पावणं. एकच. बक्षीस नको, हार नको. ह्यो म्हातारा अजून पेंटर हाय, एवढं कुणीतरी मोठ्यांदा म्हणायला पायजे हुतं, आणि जिला म्हणता येत हुतं तिला वाचा फुटली न्हाय. चालत आलो घरी, उचगावपतूर, पत्रा काखंत.

दीड महिना तिच्याशी बोललो न्हाय. ताट ठेवायची, जेवायचो. लेक मधी पडला, त्याला म्हटलं तू गप बस. मग एका सकाळी अंगणात येऊन हुबी ऱ्हायली, डोळं सुजल्यालं, म्हणाली मामा, चुकलं माझं, मला भ्या वाटलं, बायका म्हणतील सासऱ्याची बाजू घेती, माझी बी चित्रं उतरवतील. म्हटलं चुकलंच. ती म्हणाली व्हय. म्हटलं जा, च्या आण.

तुमास्नी वाटत असंल आता समदं गोड झालं. न्हाय झालं. मला अजून तिचा राग हाय, रोज सकाळी तिला बघितलं की ती खाली घातलेली मान आठवती. पण पत्रा रोज पुढ्यात घेतो. मोबाईलवरचा इषय नको का सर नको, म्हशीचं कान काढतो, नळ काढतो, आज तुमची चप्पल काढली, तिकडं पत्र्यावर वाळाय लागलीय, बघून घ्या म्हंजे पुसतो. आता ती बी आपला एक पत्रा घेऊन शेजारी बसती. रेघ वाकडी येती तिची. मी सांगतो पूस, ती पुसती. हाताला वळण हाय पोरीच्या, माझ्या तोंडानं तिला सांगणार न्हाय, पण हाय. जोतिबा तिचा हात चालता ठेवू दे, आणि परत कवा कुणी इचारलं तर तिचं तोंड बी.