पाहुण्यांचं पाणी

तेजश्री : आप्पा, हसताय काय? आपल्या पाण्यात नायट्रेट एकशे दहा आलंय.

हौशीराम : आन् पासाला किती लागतं?

तेजश्री : पंचेचाळीसच्या आत पायजे. पाण्याला जास्त आलं की नापास.

हौशीराम : उलटंच शास्त्र हाय. ह्यासाठी शिरूरला खोली घेऊन ऱ्हायलीस व्हय?

तेजश्री : बारा गावांच्या बाटल्या आल्यात्या. सगळ्यात वाईट आपली. मॅडमनी दोनदा तपासली. आजपासनं विहिरीचा थेंब कुणी प्यायचा न्हाई.

हौशीराम : विहिरीचा कुठं संबंध आला?

तेजश्री : म्हंजी? बाटली तीनदा विसळून विहिरीचं भरा, सांगून गेलते की मी.

हौशीराम : चारदा विसळली. पण वर माझं नाव चिकटवलेलं. विहिरीत शेवाळ, दोन बेडूक. कॉलेजात तीस पोरी बघणार. पाहुण्यांना आपण विहिरीचं देतो का कवा? जारचं भरलं. गारेगार.

तेजश्री : मग हे जारचं हाय.

हौशीराम : इकतचं पाणी नापास कसं व्हईल?

तेजश्री : जारवाल्यानं बोअरचंच गार करून भरलं असंल. जारचं कोण कोण पितं?

हौशीराम : कुणी न्हाई. आम्ही विहिरीचंच पितो. जार फक्त पाहुण्यांना. आन् बाळाच्या दुधाच्या पावडरीला. शितलला अंगावरचं पुरत न्हाई ना.

तेजश्री : कवापासनं?

हौशीराम : महिना झाला. पण उकळून देतो की. अर्धं हुईस्तवर आटवायला लावतो मी.

तेजश्री : उकळून जंतू मरत्यात, आप्पा. हे मरत न्हाई. पाणी आटलं की हे दाट व्हतं.

हौशीराम : माझ्याकडं असं बघू नगं. काय व्हतं त्यानं?

तेजश्री : एवढ्याशा जिवाच्या रक्ताला हवा पुरत न्हाई. ओठ निळं पडत्यात.

हौशीराम : परवा तुझी आई म्हणली, गारठलंय. कुंची घातली. मी म्हणलं, दोन महिन्यांचं पोर आन् जांभळं कवा खाऊन आलं? लई हसलो आम्ही.

(हौशीरामची सून शितल बाळाला खांद्यावर घेऊन दारात येते.)

शितल : मामा, हळू बोला. आत्ता कुठं डोळा लागलाय. लई शाणा झालाय, सकाळपासनं रडला बी न्हाई.

तेजश्री : वहिनी, तसंच घेऊन गाडीत बसा. दौंडला दवाखान्यात जायचंय. आप्पा, चावी.

हौशीराम : चावी माझ्या हातातच हाय. ही धर.

शितल : थांबा की, वाटंला दुधाची बाटली भरून घेते.