शिफ्टखालच्या अक्षता

लॉगिनचं काय घेऊन बसलास रे, आमच्या परळच्या ऑफिसात दसऱ्यानंतर काय झालं ते ऐक. बारा वाजता मीटिंग, मला डेटाबेसमधून रिपोर्ट काढायचा होता आणि स्क्रीनवर एकच, पासवर्ड चुकीचा. आयटीच्या प्रसादने फोनवर नवीन पासवर्ड दिला. तोही चुकीचा.

प्रसाद म्हणाला, "माझ्याकडे तर चालतोय."

मागे उभे असलेले आमचे राणेसाहेब म्हणाले, "तुला साधं टाइप करता येत नाही?"

वैतागून मी कीबोर्ड उलटा करून आपटला, तर शिफ्टच्या बटणाखालून कुंकू लागलेले तांदूळ पडले. बटण दाबलंच जात नव्हतं, मग पासवर्डातलं कॅपिटल अक्षर येणार कुठून? आता लगेच लॉगिन झालं, रिपोर्ट निघाला.

साहेबांनी विचारलं, "एवढ्या अक्षता टाकल्या कोणी?"

मी म्हटलं, "दसऱ्याला कॉम्प्युटरची पूजा तुम्हीच केलीत, साहेब."

साहेबांनी दाणे उचलून खिशात ठेवले. म्हणाले, "तरीच रिपोर्ट वेळेत निघाला."