मला घर विचारलं, मी अमरावती सांगितलं

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या शाळेच्या मुख्याध्यापिका दामिनीताई, व्यासपीठावरचे संस्थेचे सर्व पदाधिकारी, माझे जुने सहकारी, एकेकाळी माझ्या हातची छडी खाल्लेल्या आणि आता स्वतः आज्या झालेल्या माझ्या विद्यार्थिनी, पहिल्या रांगेतले माझे चिरंजीव पुष्कर आणि सूनबाई अबोली, आणि अगदी मागे दाराशी उभी असलेली आमची भाजीवाली तानुबाई, आपणा सर्वांना विमल धारकरचा नमस्कार. तानुबाई, खुर्ची रिकामी आहे, बस माय.

दामिनीताई माझ्याबद्दल फार चांगलं बोलल्या. बाई आता बंगळुरूला मुलाकडे सुखाने राहतील, असंही म्हणाल्या. पण मी तिथे आठ महिने राहून आले आहे, म्हणून थोडं सांगते.

गेल्या वर्षी न्हाणीघरात पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. पुष्कर धावत आला, महिनाभर माझ्या उशाशी बसला, आणि मी चालू लागल्यावर मला घेऊन गेला. यात त्याचं काही चुकलं का? नाही. इतकी काळजी करणारा मुलगा मिळायला भाग्य लागतं, हे आधीच सांगून ठेवते.

घर चौदाव्या मजल्यावर, हवा गार. तरी मला आपल्या उन्हाचीच आठवण यायची. मे महिन्यात दुपारी दारं लावून घ्यावीत, कूलरमध्ये पाणी टाकावं, ओल्या वाळ्याच्या वासात फरशीवर आडवं व्हावं. हे सुख आहे, हे मला एवढ्या वयापर्यंत कळलंच नव्हतं. एकदा स्वयंपाकाच्या बाईला म्हटलं, "सांबार आण, वड्या करते." तिने डाळीचं सांबार गरम करून वाटीत आणून दिलं. हसा, मीही हसले होते. मग खोलीत जाऊन रडले. कोथिंबिरीला सांबार म्हणणारं एकही माणूस त्या इमारतीत नव्हतं.

मग मी तानुबाईला फोन लावू लागले. ती म्हणायची, "मावशी, मले बोलाले येळ नाही, गिऱ्हाईक हाये." मी म्हणायची, "बोलू नको. फोन नुसता पोत्यावर ठेव." ती ठेवायची. इतवारा बाजारातला सगळा कालवा मला ऐकू यायचा. कोणी वांग्यांवरून घासाघीस करतंय, कोणी "काहून वं, काल नाही आली?" म्हणून विचारतंय. मी गॅलरीत बसून ऐकत राहायची.

एका दुपारी मी लिफ्टने खाली उतरले आणि चालत सुटले. कुठे जायचं ते ठरलं नव्हतं. रस्ता चुकला. एका पोलिसाने विचारलं, "माँजी, घर कहाँ है?" मी म्हटलं, "रुक्मिणीनगर, अमरावती." त्याने पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं.

पुष्कर मला घ्यायला चौकीत आला, तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. दुसऱ्या दिवशी डॉक्टर. आज वार कोणता, शंभरातून सात वजा करा. माझी सगळी उत्तरं बरोबर आली. तरी पुष्करच्या मनाने घेतलं, आईला विसर पडतोय. तेव्हापासून दोघं कामावर जाताना दाराला बाहेरून कुलूप लावू लागली.

पुष्कर, उठू नकोस. बस. मी काही विसरले नव्हते रे. मला घर विचारलं, मी खरं सांगितलं.

कुलूप लागलं की माझा जीव घाबरा व्हायचा. एकदा मी इतका वेळ दार वाजवत राहिले की हात सुजला. अबोली, तुला मी भिंतीवर आपटला म्हणून सांगितलं होतं.

तुम्ही म्हणाल, बाई, हे घरी का नाही बोललात? बोलायला गेले की हा माझ्या मांडीवर डोकं ठेवतो. "आई, तू पुन्हा पडलीस आणि जवळ कोणी नसलं तर?" म्हणतो. मग मी त्याच्या केसांतून हात फिरवत बसते. म्हणून आज माईकसमोर बोलते आहे.

इथलं घर विकायला म्हणून आम्ही आलो; ते रिकामं झालं, किल्ली दुसऱ्यांच्या हातात गेली. परवा नागपूरहून विमान आहे. सोमवारी मी तानुबाईकडे गेले आणि राहायला खोली मागितली. ती म्हणाली, "लेकीची खोली रिकामीच हाये, मावशी. पन संडास अंगनात हाये. तुमी पडसान."

म्हटलं, "पडले तर उचल मला."

"उचलीन नाही त काय. पन पुष्करभाऊले पह्यले इचारा."

म्हणून विचारते. पुष्कर, मला पडायची भीती वाटत नाही, त्या कुलपाची वाटते. तिथे मी पडणार नाही, पण रोज थोडी थोडी मरेन. मला इथे राहू दे. आईने लेकाच्या पाया पडू नये म्हणतात, म्हणून तेवढं राहिलं आहे.

अबोली डोळे पुसते आहे. पुष्कर अजून खालीच बघतो आहे. दामिनीताई, तुमची शाल मी अंगावर घेतली, पण निरोपाचा नारळ या टेबलावरच ठेवते. परवा गाडी दारात आली तरी मी तिच्यात बसणार नाही.

एवढ्या उन्हात तुम्ही सगळे आलात, म्हातारीचं ऐकून घेतलंत, याचे उपकार मोठे आहेत. आनंदाच्या कार्यक्रमात घरातलं उघड्यावर मांडलं, ते पोटात घाला. बोलण्यात कमीजास्त झालं असेल, तर तेही विसरून जा. फक्त मी काय मागितलं, ते विसरू नका.