दाट तेल

न्हाय पावणं, दाट तेल मी तुमास्नी देणार न्हाय — दुसऱ्या दुकानात जावा, शाहूपुरीत मिळंल, कोण बी दील — पण तुमची गाडी जर्मन हाय की, अन् दाट म्हंजे कसदार ही आपली म्हशीच्या दुधाची अक्कल तिथं चालत न्हाय. डबा उलटा करून वाचा. पुढचं मोठं नाव सोडा, ते जाहिरातीचं. मागं बारीक अक्षरात गाडीच्या कंपनीनं पास केलेला नंबर असतोय, त्यो तुमच्या गाडीच्या पुस्तकातल्या नंबराशी जुळला पायजे. जुळला की झालं. फुल सिंथेटिक, पाण्यागत पातळ — बोटाला लावून बघा — पण कितीबी तापलं तरी फाटत न्हाय. दाट तेल गार इंजिनात टर्बोपातुर येळंवर पोचतच न्हाय. कोरडाच फिरतोय त्यो, अन् एक दिवस सगळं इंजिन जाम.

मला कसं कळतंय? आवो, आमचं मालक वारल्यापासनं ह्या उचगावच्या दुकानात मीच बसतो, अक्काताई म्हणून समदे वळखत्यात. शिवाय घरात बी हाय की असली गाडी. श्रेयसनं, माझ्या पोरानं, पुण्यासनं आणली, जुनी, पांढरी. पोरगं लई गुणाचं, पण त्या गाडीत बसलं की अंगात येतंय त्येच्या. हायवेला मित्रांसंगं शर्यती लावतोय. भांडलो, रडलो, जेवान सोडलं — काय उपेग न्हाय. गाडी दारात येईतोवर मी उंबऱ्यावरच बसून ऱ्हातो.

मग काय करणार? तेल तर मीच देतो त्येला — तसं बघू नगासा. दसऱ्याला गाडी धुवून पूजा केली, तवाच ट्रॅक्टरचं दाट भरून दिलं, डबा मातुर तुमच्या हातात हाय तसलाच दावला. मरू दे म्हटलं ती गाडी. इंजिन गेलं तर गेलं, पोरगं तर ऱ्हातंय. हिरीवरची मोटर कशी गप हुती, तशी एका सकाळी दारातच गप हुईल —

काय म्हणालासा? दारात न्हाय? तुमच्याच आधीच्या गाडीचं जाम झालं व्हय इंजिन — पळताना? अन् स्टेअरिंग जड? ब्रेक बी? न्हाय, आधी दिवा लागत असंल की समोर. लागतोय न्हवं? — लागला, पण तवर —

असं कसं. मला कुणी बोललंच न्हाय हे. गॅरेजचा मिस्त्री म्हणाला, गाडी नुस्ती गप हुती. आज पोरं गोव्याला निघाल्यात, चंदगडाकडनं, घाटानं. मघाशीच गेला श्रेयस, तीच गाडी घिऊन, दही घातलं मी हातावर. थांबा, फोन लावतो — रिंग जातीया — आवो, गाडी चालवताना उचलत न्हाय त्यो, मीच शपथ घातलीया. मीच — रिंग जातीया की —

तुमी जावा पावणं. डबा न्या, तसाच न्या. बोलू नगासा काय. वाजतंय अजून.