सहाला निघणाऱ्या वंदनाताई

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. काकू, संजयदादा, श्रावणी, तुमच्यासमोर उभं राहून वंदनाताईंबद्दल ‘होत्या’ म्हणायचं, ते अजून तोंडातून निघत नाही. अडखळले तर सांभाळून घ्या.

मी राजश्री. लोअर परळला आमची इमारतींचं स्ट्रक्चरल डिझाईन करणारी कंपनी आहे. तिथे मी ताईंच्या हाताखाली काम शिकले. काळाचौकीतल्या तुम्हा सगळ्यांना त्या शेजारीण म्हणून माहीत आहेत. ऑफिसातल्या वंदना कांबळे कशा होत्या, ते सांगायला मी आलेय.

आमचं ऑफिस सहाला सुटायचं. पण उठायचं कोणी नाही. साहेब बसलेत म्हणून सगळे बसलेत. सातला चहा यायचा आणि त्या चहावरच ठरायचं, कुठलं काम कोणाला द्यायचं. ताई मात्र सहाला निघायच्या. घरी सासूबाई, म्हणजे संजयदादांच्या आई, अंथरुणाला खिळलेल्या, श्रावणी लहान. सकाळी येऊन बघावं तर मोठं काम दुसऱ्याच्या टेबलावर. ज्यांना ताईंनी शिकवलं, ते ताईंच्या पुढे गेले. आणि ताईंच्या नावापुढे दरवर्षी एकच शेरा, कमिटमेंट कमी.

कमिटमेंट कमी? आमच्या ताईंची?

मी एकदा विचारलं, राग नाही येत? म्हणाल्या, येतो गं, खूप येतो. पण रागाने मीही बसून राहिले, तर बसणं म्हणजेच काम, हे मीच मान्य केल्यासारखं होईल.

मग एके वर्षी सगळ्यांसमोर नव्या मॅनेजरचं नाव जाहीर झालं. पुन्हा दुसऱ्याचं. टाळ्या झाल्या. ताईंनीही वाजवल्या. आणि उभ्या राहिल्या.

“साहेब, माझ्या कामात काय कमी पडलं?”

साहेब म्हणाले, “काम उत्तम आहे तुमचं. पण तुम्ही सहाला जाता.”

“मग हे पद कामासाठी आहे की बसण्यासाठी?”

आवाज चढला नव्हता.

पद मिळालं नाही त्या वर्षी. ताई नोकरी सोडतील असं आम्हाला वाटलं. त्यांनी सोडली नाही. साहेबांकडे एकच मागितलं, कामाचं वाटप सकाळी अकराला करा, सगळ्यांसमोर. साहेब नाखुशीने म्हणाले, करून बघू. झालं काय, तर सातच्या चहासाठी थांबणं कमी झालं आणि थकल्या डोळ्यांनी केलेल्या चुकाही कमी झाल्या. ड्रॉइंग दुरुस्तीला परत येईनाशी झाली. मोठी कामं ताईंकडे यायला लागली. आणि एक दिवस त्या विभागप्रमुख झाल्या. आमच्याकडे त्या खुर्चीवर बसलेली पहिली बाई!

पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, सहानंतर इथे कुठलाही निर्णय होणार नाही. आमचा महेश आज इथे बसलाय. तो म्हणतो, मुलगा जागा असताना घरी पोचायला मी तेव्हा शिकलो.

बाळंतपणानंतर मी परत आले, तेव्हा गृहीत धरूनच आले होते की आता किरकोळ कामं मिळणार. ताईंनी शीवच्या शाळेची अख्खी इमारत माझ्यापुढे ठेवली. मी घाबरले. म्हटलं, बाळ लहान आहे, मला उशिरापर्यंत थांबता येणार नाही.

“थांबायला कोण सांगतंय? इमारत नीट उभी कर.”

उभी आहे ती. मुलं शिकतात तिथे. माझ्यासारख्या किती जणी आज मोठी कामं सांभाळतात, त्या सगळ्या मागे बसल्यात बघा.

आजाराने ताईंना फार दिवस दिले नाहीत. त्यांच्या जागेवर काल सीमाची नेमणूक झाली. तिची मुलगी अजून नीट चालत नाही. पण सीमा घरी किती वाजता जाते, हे कोणी विचारलंच नाही. काकू, हे तुमच्या लेकीने केलं.

आता सगळे उभे राहू या. थोडा वेळ शांत राहू या.

वंदनाताई, मानाचा जय भीम.