शिक्षण, उत्पन्न आणि बाईंचा संशय

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होत असलेल्या आमच्या पर्यवेक्षक बाई, त्यांचे यजमान आणि सांख्यिकी विभागातील माझ्या सहकाऱ्यांनो,

बाईंच्या गुणांबद्दल आधीचे वक्ते भरभरून बोलले. त्यांच्या संशयी स्वभावाबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढलं नाही. तेवढं धाडस मी करतो.

बावीस वर्षांपूर्वी मी नवा सर्वेक्षक होतो. शिक्षणाबरोबर उत्पन्न खरंच वाढतं का, हे आम्हाला आकड्यांवरून तपासायचं होतं. सगळ्यांच्या फॉर्ममधून छान चढती रेषा आली. माझ्या गल्लीत मात्र पदवीधर आणि शाळा सोडलेले सारखंच कमावत होते. बाईंनी चष्मा काढला.

"घरोघरी गेलास, की कुठेतरी बसून भरलेस?"

"गेलो होतो."

"मग चल, मलाही दाखव."

तिसऱ्या घरात रुग्णालयाच्या धुलाईघरात काम करणारी एक ताई राहायची. माझ्या फॉर्मवर तिचं शिक्षण होतं रसायनशास्त्रात एम.एस्सी. बाईंना ती म्हणाली, "सातवी."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. ती नजर इथे कुणाला ठाऊक नाही?

पण त्या उठल्या नाहीत. पाणी मागितलं आणि सहज विचारलं, "चादरीवरचं रक्त कसं काढता हो?"

"गार पाण्यानं. गरम पाण्यात त्यातलं प्रथिन घट्ट बसतं..." ताई मध्येच थांबली. मग उठून तिनं दार लावलं.

"ही नोकरी आठवीपर्यंत शिकलेल्यांसाठी आहे. कळलं तर काढतील. हे एकटे आले होते म्हणून मी खरं बोलून गेले. तुम्ही साहेब दिसता."

बाईंनी तिच्यासमोरच फॉर्मवरचं नाव आणि कामाची जागा खोडली. ताईचा विश्वास बसला का? मला नाही वाटत.

जिन्यात मी विचारलं, "आता खात्री पटली ना?"

"त्या ताईबद्दल पटली. तुझ्याबद्दल नाही."

पुढे वरून निरोप आला, ही गल्ली वगळा, रेषा बिघडते. बाईंनी वगळली नाही. त्यांची बढती त्या वर्षी लांबली.

अहवाल छापून आला, तेव्हा मी आधी माझी गल्ली शोधली. मी चाळीस फॉर्म दिले होते. छापले होते अडतीस. दोन घरांना कुलूप होतं, आणि ते फॉर्म मी पायरीवर बसून मनानं भरले होते. बाईंनी नेमके तेच काढले. माझी नोकरी तेव्हा कायम व्हायची होती. त्याबद्दल त्या मला आजवर एका शब्दानं बोलल्या नाहीत.

आयोजकांनी बोलू दिलं, त्यांचा आभारी आहे. भाषणात काही उणंअधिक झालं असेल, तर सभागृहानं पोटात घालावं. त्या दोन फॉर्मांची माफी मात्र, बाई, मी तुमच्याकडेच मागतो.